पाच हजारात जुना एफएम ट्यूनर : जेलरोडच्या काकांचं प्रकरण

काका प्रेसमधून रिटायर झालेले, जेलरोडला तीन मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. नाशिकरोडला प्रेस म्हणलं की नोटांची नाहीतर स्टॅम्पची, तिसरी कोणी विचारत नाही. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकात घेतलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी बॉक्सचे स्पीकर आहेत, दोन्ही अजून व्यवस्थित चालू, आणि ॲम्पच्या मागे ट्यूनर लिहिलेली दोन सॉकेट आहेत जी घेतल्या दिवसापासून रिकामी. ट्यूनर म्हणजे फक्त स्टेशन पकडणारा रेडिओचा डबा, आवाजासाठी त्याला ॲम्प आणि स्पीकर जोडावे लागतात. मागणी अशी होती, त्या सॉकेटला लावायला खरा जुना ट्यूनर पाहिजे, फिरवायला बटण पाहिजे, डायलला लाईट पाहिजे, सकाळी आकाशवाणी १०१.४ नीट लागलं पाहिजे, आणि सगळं मिळून पाच हजाराच्या वर एक रुपया नाही. पुण्यातला मुलगा म्हणाला पप्पा मोबाईलवर न्यूज ऑन एअरचं ॲप टाका, त्यात सगळी आकाशवाणी येते. ते खरंय, बरीचशी येते. काका म्हणाले, "अरे मला रेडिओ ऐकायचाय, मोबाईल नाही."

मी हे लिहितोय कारण असाच प्रश्न दोन-चार जणांनी मला विचारला होता आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की कुठलं मॉडेल घेऊ. तर काकांनी घेतलेल्या पीसचं नाव आणि नंबर मी शेवटपर्यंत देणार नाहीये, कारण नंबर कळला की सगळे त्याच नंबरच्या मागे लागतात आणि विकणारा दुसऱ्याच दिवशी भाव दुप्पट करतो. आणि तसंही आपल्या बजेटमध्ये कंपनीचं नाव तिसऱ्या-चौथ्या नंबरला येतं. पहिला प्रश्न हा की तो डबा कुठल्या देशात विकायला बनवला होता. हे ऐकायला विचित्र वाटतं पण या प्रकरणात सगळं इथेच अडलं आणि इथेच सुटलं.

थोडं मागचं सांगतो. आपल्याकडे एफएम पहिल्यांदा १९७७ साली मद्रासला सुरू झालं आणि प्रायव्हेट स्टेशनं २००१ मध्ये बंगलोरपासून. म्हणजे बाहेरच्या देशात ट्यूनरचा सुवर्णकाळ चालू होता, सत्तर ते ऐंशीची दशकं, तेव्हा नाशिकमध्ये एफएम लावून ऐकायला काहीच नव्हतं, मग इथे कोण कशाला वेगळा ट्यूनर घेईल. त्यामुळे आज आपल्याकडे जो जुना माल फिरतो तो जवळजवळ सगळा बाहेरून आलेला. एक गल्फमधून नोकरी करून आलेल्या लोकांनी आणलेला, एक अमेरिकेतल्या नातेवाईकांचा, आणि एक मुंबईचे डीलर जपानचा सेकंडहँड माल उचलतात तो. तिन्ही डबे दिसायला सारखे, चंदेरी पॅनल, मोठं बटण, काच, पण आतून तिन्ही वेगळे.

शोधाशोध कुठे केली ते पटकन सांगतो. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, चार्जर यांचे ढीग असतात पण सुटा ट्यूनर दिसणं म्हणजे नशीब. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ ला उठवला, त्यातले दुकानदार पांगले. ओएलएक्स होतं, मुंबईचा चोर बाजार होता, आणि सगळ्यात कामाची म्हणजे तोंडी ओळख, खास करून देवळाली कॅम्पकडची. तिथे जुने बंगले आहेत, मिलिटरीतली माणसं, मुंबईकरांची हवापालटाची घरं, आणि घर आवरायला काढलं की असा माल बाहेर पडतो ज्याचं काय करायचं हे पुढच्या पिढीला माहीत नसतं.

पहिला पीस ओएलएक्सवर दिसला, जपानचा, दिसायला इतका देखणा की काकांनी फोटो बघूनच सोडायचं नाही ठरवलं. साडेतीन हजार. मी विक्रेत्याला म्हणलं दादा डायलचा जवळून फोटो टाका आणि मागच्या लेबलचा पण टाका. आला. डायलवर ७६ ते ९०, लेबलवर १०० व्होल्ट. विषय संपला. जपानमध्ये एफएमचा जुना पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८८ ते १०८. नाशिकमध्ये पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसतो तो रेडिओ विश्वास, ९०.८ वर, तो पण या डायलच्या बाहेर. म्हणजे असा सुंदर डबा घरी आणून फक्त खरखर ऐकायची. विक्रेता म्हणाला मेकॅनिककडून पट्टा सरकवून मिळेल. मिळतो ओ, पण ऑसिलेटरची, म्हणजे कुठलं स्टेशन लागणार ते ठरवणाऱ्या सर्किटची कॉइल, आणि अँटेनाच्या बाजूच्या सगळ्या ट्यून्ड सर्किटच्या कॉइली सोबत सरकवाव्या लागतात आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना त्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे, नाहीतर मध्ये स्टेशन जोरात आणि कडेला मेलेलं. साडेतीन हजारच्या डब्यावर हे काम नीट करणारा माणूस शोधा आणि मला पण कळवा. वरून १०० व्होल्टसाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वेगळा. कोणी चुकून डायरेक्ट २३० ला लावला तर आतल्या ट्रान्सफॉर्मरचा धूर बघायला मिळतो फक्त. काका हिरमुसले. काकू म्हणाल्या बरं झालं, तो ठेवायचा कुठे होता.

दुसरा पीस फुकटच होता म्हणा ना. कॉलेज रोडला एकांचा भाऊ अमेरिकेतून परत येताना सगळं सामान घेऊन आला होता, त्यात एक डिजिटल आकड्यांचा ट्यूनर, नव्वदच्या आसपासचा. पट्टा ८८ ते १०८, म्हणजे बरोबर. व्होल्टेज १२०, ते काय स्टेप-डाऊनने जमलं असतं. खरी गोम वेगळीच. तो बटण दाबलं की ०.२ च्या उड्या मारायचा आणि फक्त विषम आकड्यांवर थांबायचा, ९८.१, ९८.३, ९८.५ असा. कारण अमेरिकेत स्टेशनं अशीच वाटलेली आहेत, दशांशात विषम आकडा, दोन स्टेशनमध्ये २०० किलोहर्ट्झ. मग नाशिकमध्ये काय झालं, मिर्ची ९८.३ ला आहे ती झकास लागली, आणि काकांचं १०१.४ लागेचना. एकतर १०१.३ नाहीतर १०१.५. दोन्हीकडे आवाज येतो पण बाई बोलायला लागली की प्रत्येक स आणि श फुटतो, कारण सिग्नल फिल्टरच्या कडेला पडतो आणि त्याची एक बाजू कापली जाते. ९०.८ ची पण तीच गत. काही मॉडेलला मागे किंवा आत एक स्विच असतो, अमेरिका आणि बाकीचं जग असा, तो सरकवला की ५० किंवा १०० च्या स्टेपने चालतं. या पीसला नव्हता. मायक्रोकंट्रोलरजवळ डायोड टाकून जमतं काही मॉडेलला, पण त्यासाठी सर्व्हिस मॅन्युअल पाहिजे आणि माझ्याकडे नव्हतं.

आणि अमेरिकन मालाची अजून एक गोष्ट, जी लोकांना माहीतच नसते आणि मग ते म्हणतात जुना ट्यूनर डल वाजतो. स्टेशनवाले पाठवताना वरचे सूर मुद्दाम उचलून पाठवतात आणि ट्यूनर ते तेवढेच दाबतो, म्हणजे मधली हिस पण सोबत दाबली जाते. याला डी-एम्फसिस म्हणतात. आपल्याकडे आणि युरोपात त्याचं माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. आता ५० ने उचललेलं ७५ ने दाबलं की जास्तच दाबलं जातं, १० किलोहर्ट्झला साधारण ३ डेसिबलने. तीन म्हणजे कानाला कळतं, झांजा, टाळ, बासरीचा श्वास हे मागे जातं. इलाज सोपा आहे, डावं-उजवं वेगळं काढणाऱ्या डिकोडर चिपच्या पुढे दोन्ही चॅनेलला एकेक छोटा कंडेन्सर असतो, त्याच्या जागी दोन तृतीयांश मापाचा टाकायचा. दहा-वीस रुपयांचं काम. पण स्टेपचं भांडण सुटत नव्हतं म्हणून तो पीस त्यांच्याच घरी राहिला, मिर्ची ऐकतात ते त्याच्यावर, खूश आहेत.

या टप्प्यावर काका म्हणाले जाऊ दे, ऑनलाईन ते निळ्या डिस्प्लेचं छोटं एफएम बोर्ड मिळतं ते लाव. स्वस्त मिळतं आणि आवाज वाईट नसतो खरं सांगायचं तर, त्यातली चिप सिग्नल डिजिटल करूनच सगळं काम करते. पण बटण-डायल-लाईट ही अट गेली असती आणि काकांचा मूड पण. थोडे दिवस थांबा म्हणलं.

थांबण्याच्या काळात मी एकच काम केलं, काकांना नक्की काय नकोय ते कागदावर लिहून काढलं. यातनंच पैसे वाचतात. जुन्या ट्यूनरच्या दुनियेत ज्या पीसचे भाव आकाशाला भिडलेले असतात ते मुख्यतः दूरची, कमजोर, गर्दीतली स्टेशनं पकडण्यासाठी बनवलेले असतात. पाच गँगचा कंडेन्सर, म्हणजे बटणासोबत फिरून स्टेशन निवडणारे पाच कप्पे, दोन-तीन बँडविड्थचे म्हणजे कमी-जास्त रुंदीचे फिल्टर, एका स्टेशनला चिकटून दुसरं असलं तरी वेगळं काढायची ताकद. युरोपात किंवा मोठ्या अमेरिकन शहरात जिथे पट्टा गच्च भरलाय तिथे त्याची गरज आहे. नाशिकमध्ये बोटावर मोजण्याइतकी स्टेशनं आणि दोन स्टेशनमध्ये भरपूर मोकळी जागा. इथे अरुंद फिल्टर म्हणजे उलट तोटा, कारण एफएमचा सिग्नल मुळात पसरट असतो, ७५ किलोहर्ट्झ इकडे आणि ७५ तिकडे, वर स्टिरिओचा माल. त्याला अरुंद दारातून काढलं की स्टिरिओ बिघडतो आणि डिस्टॉर्शन वाढतं. आपल्याला रुंद फिल्टरवाला, साधा तीन गँगचा, लोकल स्टेशन स्वच्छ वाजवणारा पीस पाहिजे. जो जगभरच्या शौकिनांच्या दृष्टीने मिडल क्लास असतो आणि म्हणून स्वस्त असतो. हे काकांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कसाऱ्याचा घाट चढायचाच नसेल तर दोन इंजिनं कशाला." बरोब्बर.

मुंबईची स्टेशनं लागतील का हा प्रश्न त्यांनी तरीही विचारलाच, सगळे विचारतात. नाही लागत हो. एफएमची लाट सरळ रेषेत जाते, मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे आणि अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. वर्षातनं एखाद्या दिवशी हवामान विचित्र झालं की कुठलं तरी लांबचं स्टेशन अचानक येतं आणि जातं, त्याच्यावर पैसे लावायचे नसतात.

तिसरा पीस देवळाली कॅम्पातून आला, तोंडी ओळखीतूनच. एक बंगला विकायला काढला होता, मालक वारलेले, बरीच वर्षं मस्कतला होते असं कळलं. मस्कत ऐकलं आणि माझे कान टवकारले, कारण गल्फमध्ये विकलेला माल जनरल एक्सपोर्टचा असायचा, म्हणजे कंपनीला माहीत नसायचं की घेणारा शेवटी कुठल्या देशात नेणार, म्हणून मागे व्होल्टेज सिलेक्टर, पट्टा ८८ ते १०८, आणि नशीब असेल तर डी-एम्फसिसचा पण स्विच. इथे तिन्ही निघालं. सिलेक्टरवर ११०, १२७, २२०, २४०, बाजूला छोटा स्विच ५० आणि ७५ चा. जपानी कंपनीचा, सत्तरच्या शेवटी-शेवटीचा, ॲनालॉग डायल, दोन मीटर, एक सिग्नलचा आणि एक मधोमधवाला, म्हणजे काटा स्टेशनच्या बरोबर मध्यावर आहे का ते दाखवणारा. डायलचा एक बल्ब गेलेला, वर धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं.

तपासणी तिथेच केली आणि ही जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक घाई करतात. सिलेक्टर आधी बघितला, २२० ला होता, तो २४० ला केला, कारण आपल्याकडे लाईन रात्री २४० च्या वर जाते आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरला थोडी मोकळीक बरी. फ्यूज काढून बघितला, कोणी चांदी गुंडाळलीय का, नव्हती. नाक लावून वास घेतला, जळका नाही. मग लावला. छोटा बॅटरीचा स्पीकर सोबत नेला होता, मागच्या आऊटपुटला जोडायला, आणि अँटेनाच्या स्क्रूला दीडेक मीटर वायर. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, मध्ये कुठे कटकट आवाज येतो का ते ऐकायला. आला, एका जागी. म्हणजे गँगच्या शाफ्टला अर्थिंग देणारी पितळी पट्टी मळलीये, हे साफ होतं, घाबरायचं नाही. काटा डायलवर अडकत नव्हता म्हणजे दोरा शाबूत. १०१.४ लावलं, सिग्नलचा मीटर चढला, पण मजा अशी की मधोमधवाला मीटर बरोबर मध्यावर आणला की आवाज किंचित फाटतो आणि जरासं बाजूला नेलं की स्वच्छ. आणि स्टिरिओचा लाल लाईट लागतच नव्हता. मग अर्धा तास तसाच चालू ठेवून चहा घेतला, स्टेशन सरकतं का बघायला. सरकलं नाही.

ते चार हजार म्हणत होते. मी स्टिरिओचा लाईट लागत नाही हे दाखवलं, बल्ब दाखवला, आणि खरं तर मला माहीत होतं की दोन्ही दुरुस्त होतात. दोन हजार आठशेला ठरलं. कोणी याला चलाखी म्हणेल. पण मेकॅनिकचा खर्च आपल्यालाच करायचा होता आणि तोही आधीच सांगितला होता त्यांना.

मेकॅनिक रविवार कारंज्याकडचे, जुन्या पिढीतले, टीव्हीच्या काळात आयएफटी, म्हणजे सिग्नल जुळवायच्या कॉइली, फिरवलेला हात. त्यांना मी एवढंच म्हणलं की काका, पुढच्या डब्यातल्या ट्रिमरना, म्हणजे जुळवणीच्या बारीक स्क्रूंना, हात नको, तिथलं कोणी छेडलेलं दिसत नाहीये. ते हसले, "अरे तिथे हात लावणारे वेगळे असतात." मग काम सुरू झालं. गँगच्या पितळी पट्ट्यांवर काँटॅक्ट क्लीनर, तोही थेंबभर, प्लेटवर नाही. म्यूट आणि मोनोच्या स्विचमध्ये पण तेच. पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर आणि ऑडिओच्या रस्त्यातले आठ-दहा छोटे इलेक्ट्रोलिटिक बदलले, बाकीचे ठेवले. ऑनलाईन वाचून लोक अख्खा बोर्ड उपटतात, रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या भागातले सिरॅमिक कंडेन्सरपण बदलतात आणि मग स्टेशनच गायब होतात. चाळीस वर्षात इलेक्ट्रोलिटिक सुकतो, सिरॅमिक सहसा काही करत नाही.

स्टिरिओचं असं होतं की स्टेशन आवाजासोबत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक पायलट सूर पाठवतं, ट्यूनरमधली डिकोडर चिप त्याच्याशी आपलं घड्याळ जुळवते आणि मग डावं-उजवं वेगळं काढते. वयाने त्या घड्याळाचा प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, सरकतो, मग ते पायलटला पकडतच नाही. बोर्डावर टेस्ट पॉईंट असतो, मेकॅनिककाकांच्या मीटरला फ्रिक्वेन्सीची रेंज होती, तिथे लावून प्रीसेट सावकाश फिरवला, १९ जवळ आला आणि फट्कन लाल लाईट लागला. दोन मिनिटांचं काम. या लाईटसाठी कित्येक चांगले ट्यूनर भंगारात जातात.

मधोमधच्या मीटरचं काम जास्त नाजूक. आतमध्ये डिटेक्टरची, म्हणजे सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाची, एक कॉइल असते, तिच्या पत्र्याच्या डबीच्या डोक्यावर फेराईटचा गाभा, तो वयाने किंचित बेसूर होतो, म्हणून मीटर मध्यावर दाखवतो तिथे खरा मध्य नसतो. तो गाभा लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा नाही, एक तर लोखंडामुळे माप बदलतं आणि दुसरं म्हणजे गाभा तडकतो, मग रडायचं. प्लॅस्टिकच्या टोकाने, केसभर इकडे, केसभर तिकडे, कान बोलणाऱ्याच्या स-श वर. इथे बातम्या कामाला येतात, गाण्यात हे कळत नाही. हे झाल्यावर जो फरक पडला तो कंडेन्सर बदलून पडलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि याला सामान शून्य रुपयांचं लागलं.

घरी आणला, ॲम्पला जोडला, आणि काकांचा चेहरा पडला. कारण स्टिरिओत सुंय्य अशी हिस. देवळालीत एवढी नव्हती. काकू म्हणाल्या याच्यापेक्षा आपला छोटा रेडिओ बरा वाजतो. त्यांचं चूक नव्हतं, छोटा रेडिओ मोनो असतो आणि त्याचा स्पीकर हिस दाखवतच नाही. स्टिरिओला मोनोपेक्षा खूप जास्त दणकट सिग्नल लागतो, त्याच सिग्नलवर हिस साधारण २० डेसिबलने जास्त असते. ट्यूनरच्या मागे लोंबणारी वायर, खिडकीला लोखंडी ग्रील, समोर दुसरी बिल्डिंग, वर पत्र्याचं शेड. सिग्नल सरळ पण येतोय आणि शेडवर आपटून पण येतोय, दोन्ही थोड्या फरकाने पोचतात आणि भांडतात. मीटर भरपूर दाखवतो आणि तरी आवाज खराब, असं दिसलं की बहुतेक वेळा हेच कारण.

तर उरलेले पैसे अँटेनात घातले, आणि मी तर म्हणेन की बजेट पाच हजार असेल तर त्यातले सहा-सातशे पहिल्या दिवसापासून अँटेनासाठी बाजूला काढून ठेवा, ट्यूनरवर उडवू नका. जुनी टीव्हीची चपटी ३०० ओहमची वायर आता दुकानात सहज मिळत नाही, मेकॅनिककाकांच्या माळ्यावर गुंडाळी निघाली. साधारण १ मीटर ४३ सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांच्या तारा आपापसात सोल्डर केल्या, मग मधोमध एकच तार कापून तिथून सिग्नल बाहेर. फोल्डेड डायपोल म्हणतात, हिशोब सोपा आहे, १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं की मीटरमध्ये लांबी येते. तिथे टीव्हीवाला बलून, म्हणजे जोडणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावला ३०० ओहमचे ७५ करायला, आणि पुढे केबलवाल्याची आरजी-६ वायर, गच्चीपासून घरापर्यंत बारा मीटर. एवढ्या लांबीत या फ्रिक्वेन्सीला १ डेसिबलपेक्षाही कमी नुकसान, त्यामुळे बूस्टर अजिबात लावायचा नाही, बूस्टर हिस पण वाढवतो आणि जवळच्या स्टेशनने ट्यूनरचं तोंड पण बंद करतो.

डायपोल पीव्हीसी पाईपला बांधला. गच्चीवर उघड्यावर लावायचा होता पण सोसायटीच्या चेअरमनना पावसाळा आणि वीज यांची भीती, आणि ती भीती रास्त आहे, अर्थिंग न करता उंच काठी उभी करू नये. म्हणून गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, वरती, आतून. आडवा लावून बघितला, उभा लावून बघितला, इकडे तिकडे फिरवला, खाली काका ट्यूनरसमोर फोन कानाला लावून, "थांब, थांब, मागे घे, अरे गेलं, हां आता." त्या जागी उभा जास्त चांगला निघाला. तुमच्याकडे उलटं होऊ शकतं. तिथेच कळलं की जिन्यातला स्वस्त एलईडी बल्ब लावला की १०१.४ च्या मागे घरघर येते, त्याच्या ड्रायव्हरचा कचरा सगळा एफएम पट्ट्यात. बल्ब बदलला. चेअरमननी विचारलं कशाला बदलला, काका म्हणाले उजेड कमी पडत होता.

आता वाजतो कसा. १०१.४ वर निवेदक बोलतात तेव्हा स्टुडिओतली खोली ऐकू येते, कागद उलटल्याचा आवाज येतो, हिस बोलण्याच्या मधल्या जागेत कान लावला तरच. जुनी गाणी लागली की लता मध्ये उभी असते आणि व्हायोलिनं दोन्हीकडे, जर रेकॉर्डिंग स्टिरिओ असेल तर, साठच्या दशकातलं असेल तर सगळं मधूनच येणार, त्यात ट्यूनरचा दोष नाही. ९८.३ वर आवाज भरदार आणि सतत एकाच पातळीवर येतो, प्रायव्हेट स्टेशनं प्रोसेसर लावून सगळं दाबून भरतात, कारमध्ये बरं वाटतं, घरी तासाभराने कान थकतात. आणि एक मर्यादा कुठल्याही ट्यूनरला ओलांडता येत नाही, एफएम १५ किलोहर्ट्झच्या वर काही पाठवतच नाही, त्यामुळे पन्नास हजाराचा घेतला तरी त्याच्या वरचं काही येणार नाही. काकांचं वय बघता त्यांना ते वरचं ऐकू येत नाही हे मी बोललो नाही.

हिशोब : ट्यूनर २,८००, मेकॅनिक ९००, कंडेन्सर आणि बल्ब २४०, आरजी-६, बलून, पाईप, क्लिपा मिळून ६५०, ॲम्पला जोडायची वायर १५०. टोटल ४,७४०. एलईडी बल्ब काकांनी यात धरला नाही, तो सोसायटीच्या खात्यात टाकायचा त्यांचा विचार आहे.

एक गोष्ट अजून राहिलीये. डायलचा काटा वरच्या बाजूला थोडा खोटा आहे, १०१.४ हे १०१.७ च्या आसपास दिसतं. ते सरळ करायचं तर ऑसिलेटरच्या ट्रिमरला हात घालावा लागेल, आणि तो हलला की बाकीचं जुळवत बसावं लागतं, आवाजात मात्र काडीचा फरक पडणार नाही. मेकॅनिककाका म्हणाले राहू दे, मी पण म्हणलं राहू दे. काका मात्र दर आठवड्याला विचारतात, कधी करायचं.